तक्रार कोणाच्या टेबलावर जाते?

गेली चौदा वर्षे मी ब्रिटनमध्ये राहतो आणि त्यांपैकी नऊ वर्षे घरगुती वापराची वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करतो आहे. मराठी वर्तमानपत्रे मात्र रोज वाचतो, आणि त्यांत अलीकडे एक वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतो: ग्राहकाच्या अभिप्रायाला आपल्याकडे काही किंमत आहे की नाही? एका बाजूचे म्हणणे असे की, ॲपवर, फोनवर, पावतीवर जिथे तिथे तारे मागितले जातात, पण खरी तक्रार केली की ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ एवढाच संदेश येतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. दुसरी बाजू ग्राहकाकडेच बोट दाखवते. सोसायटीच्या फाटकावर झालेल्या उशिराचा राग म्हणून लोक एक तारा देतात आणि घरपोच सामान आणणाऱ्या मुलाच्या पोटावर पाय येतो, असे ती म्हणते. दोन्ही बाजूंचे लोक शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतात, ते म्हणजे ‘परदेशात बघा, तिथे ग्राहकाचे कसे ऐकतात.’ हे वाक्य मला माझ्या कामाच्या जागेवरून तपासून पाहायचे आहे, कारण ते अर्धेच खरे आहे आणि त्यातला खरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

मागण्याची यंत्रणा आता दोन्हीकडे सारखीच आहे. इथेही दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत फोनवर प्रश्न येतो, इथेही ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ असे लिहिलेल्या ईमेलमधून मत विचारले जाते. अभिप्राय मागणे स्वस्त झाले आहे; तो वाचायला मात्र आजही माणूस लागतो, त्याचा वेळ लागतो आणि वाचून झाल्यावर काही बदलण्याचा अधिकार लागतो. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

आमच्या कंपनीच्या घरगुती रक्तदाब-यंत्राबद्दल एकच तक्रार सतत यायची: ‘यंत्र जास्त आकडा दाखवते.’ ग्राहक यंत्र परत पाठवत, आमच्या प्रयोगशाळेत ते प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिले जाई, आकडा बरोबर निघे, आणि नोंदीत ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद केली जाई. यंत्राचे सरासरी मानांकन उत्तम होते, त्यामुळे वरिष्ठांच्या बैठकीत त्याचा विषयच निघत नसे. हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. तक्रार सांगता सांगता बरेच लोक आणखी एक वाक्य बोलून जात: ‘पट्टा दंडाला कसाबसा बसतो,’ किंवा ‘हवा भरली की पट्टा टरकन सुटतो.’ संगणकावर तक्रारीचे कारण ठरावीक यादीतून निवडायचे असे आणि त्या यादीत या वाक्याला जागा नव्हती, म्हणून बाईंनी ती वाक्ये स्वतःच्या एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. सहा आठवड्यांनी त्या ती वही घेऊन आमच्या बैठकीत आल्या.

त्यानंतर आम्ही फोन करणाऱ्या प्रत्येकाला दंडाचा घेर मोजून सांगण्याची विनंती करू लागलो. यंत्रासोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी होता आणि तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा दंड त्याहून जाड होता. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, ही वैद्यकशास्त्रातली जुनी आणि सर्वमान्य गोष्ट आहे. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक अभियंत्याला ती ठाऊक होती आणि माहितीपत्रकाच्या आठव्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलीही होती. ज्ञान एका खोलीत होते, ग्राहकाचे वाक्य दुसऱ्या खोलीत होते आणि मधला दरवाजा बंद होता. आम्ही खोक्याच्या बाहेरच्या बाजूला कापून वापरता येईल अशी कागदी मोजपट्टी छापली आणि मागणी नोंदवतानाच घेर विचारू लागलो. यंत्राच्या आतला एकही भाग बदलावा लागला नाही. पण त्या चुकीच्या आकड्यांवर विसंबून किती जणांच्या गोळ्यांची मात्रा वाढवली गेली असेल, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो, कारण ते लोक आम्हाला दोष कुठे आहे ते आधीपासून सांगतच होते.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण मानांकनाचा आकडा काय करू शकत नाही ते त्यात स्पष्ट दिसते. आकडा ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढे सांगू शकतो, काय बिघडले ते नाही. आणि आमच्या बाबतीत त्याने तेवढेही सांगितले नव्हते. तरीही जगभरच्या कंपन्यांचा सगळा भर आकड्यावर आहे. व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडलेली पद्धत आज सर्वांच्या परिचयाची झाली आहे: ‘आमची शिफारस मित्राला कराल का?’ हा एकच प्रश्न, ० ते १० मधले उत्तर, ९ व १० देणारे समर्थक, ० ते ६ देणारे नाराज, आणि दोघांच्या टक्केवारीतली वजाबाकी म्हणजे कंपनीचा गुणांक. पद्धत सोपी आहे, तिचा आलेख काढता येतो आणि तो संचालक मंडळापुढे ठेवता येतो. पण ६ गुण का दिले, हे त्या वजाबाकीत उरत नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, हाच धडा सार्वजनिकरीत्या घेतला. २०१३ मध्ये तिने रुग्णांना विचारायला सुरुवात केली की, हीच सेवा गरज पडल्यास तुम्ही मित्राला किंवा नातेवाइकाला सुचवाल का? छातीत कळ आल्यामुळे जवळच्या इस्पितळात पोचलेल्या माणसाला शिफारशीचा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे, अशी टीका तेव्हापासून होत राहिली. एप्रिल २०२० पासून प्रश्न बदलला. आता ‘एकूण आमच्या सेवेचा तुमचा अनुभव कसा होता?’ असे विचारतात आणि त्याला जोडून मोकळ्या शब्दांत लिहायला जागा देतात. या आकड्यांवरून एका इस्पितळाची दुसऱ्याशी तुलना करू नये, असे एनएचएसच सांगते. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. आपल्याकडे अशा गुणांकांवरून शहरांची, कार्यालयांची आणि इस्पितळांची क्रमवारी लावण्याची घाई होताना दिसते, तेव्हा हा बदल कोणीतरी समजून घ्यावा असे वाटते.

आता ‘तिथे ऐकतात’ या वाक्यातल्या खऱ्या भागाकडे येतो. इथल्या बँका आणि विमा कंपन्या ऐकतात, कारण न ऐकणे त्यांना महाग पडते. ग्राहकाने तक्रार केली की कंपनीला आठ आठवड्यांच्या आत अंतिम लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्याच पत्रात ‘हे पटले नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जा’ असे सांगावे लागते. ही लवाद संस्था दर सहा महिन्यांनी कंपन्यांच्या नावानिशी आकडेवारी प्रसिद्ध करते: कोणाविरुद्ध किती तक्रारी आल्या आणि त्यांपैकी किती तक्रारींत ग्राहकाचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. माझ्या मते या सर्वांहून मोलाचा नियम वेगळाच आहे. तक्रारींचे मूळ कारण शोधणे आणि तेच कारण इतर ग्राहकांनाही बाधले असेल काय याचा विचार करणे हे वित्तीय नियामकाच्या नियमावलीने कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. तक्रार एकट्या तक्रारदारापुरती मिटवून मोकळे होण्याची वाट हा नियम बंद करतो. ग्राहकाबद्दलचा आदर इंग्रजांच्या रक्तात आहे, असे आपल्याकडे कोणी म्हटले की मला हा नियम आठवतो.

मग आपल्याकडे काही नाही का? आहे, आणि वादात त्याचा उल्लेख इतका क्वचित होतो याचे मला दुःख होते. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये सुरू केली, म्हणजे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या बारा वर्षे आधी. एकट्या ग्राहकाच्या गाऱ्हाण्याला संघटित आवाज देण्याची कल्पना आपल्याला परदेशातून आणावी लागलेली नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवरील मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली गेली. आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये बँकांना असा आदेश दिला की, वर्षभरात आलेल्या तक्रारींची प्रमुख पाच कारणे संख्येसह वार्षिक अहवालात द्यावीत; शिवाय ज्या बँकेविरुद्ध प्रमाणाबाहेर तक्रारी लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांकडे, येतील, तिच्याकडून त्या निवारणाचा खर्च वसूल करावा. ही तरतूद ब्रिटनमधल्या नियमाच्या शेजारी ठेवायला लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

कमी पडते ते याच्या पुढे. २१ दिवसांची मुदत घातली की अधिकाऱ्याचे लक्ष तक्रार मुदतीत बंद करण्यावर जाते, आणि बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘संबंधित विभागाकडे पाठवली’ असे लिहिणे. आमच्या प्रयोगशाळेतला ‘दोष आढळला नाही’ हा शेरा आणि हे वाक्य ही एकाच जातीची आहेत. दोन्हींमुळे नोंदवही स्वच्छ होते आणि दोष शाबूत राहतो. म्हणून मुदत किती दिवसांची असावी या चर्चेपेक्षा, एकाच कारणाच्या तक्रारी पुन्हा आल्या तर ते कारण दूर करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाची, ही चर्चा व्हायला हवी असे मला वाटते. फोन घेणाऱ्या व्यक्तीकडे बदल करण्याचा अधिकार नसतो आणि अधिकार असलेल्या व्यक्तीपर्यंत फोन जात नाही, ही अडचण मी दोन्ही देशांत पाहिली आहे.

घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांच्या मानांकनाबाबत मी ग्राहकाला दोष देणाऱ्यांच्या अर्धा बाजूने आहे. ग्राहकाचा एक तारा उशिराबद्दल असतो. उशीर अंतराचा चुकीचा अंदाज बांधणाऱ्या ॲपमुळे झालेला असू शकतो. पण गुण कापले जातात ते समोर दिसणाऱ्या माणसाचे. याला उत्पादनातील सुधारणा म्हणता येणार नाही, कारण ज्याने अंदाज बांधणारी प्रणाली लिहिली त्याच्यापर्यंत ती माहिती पोचलेलीच नसते. मात्र यावर ‘म्हणून ग्राहकाने नेहमी पाच तारे द्यावेत’ हा जो उपाय सुचवला जातो, तो मला मान्य नाही. सगळ्यांना पाच तारे मिळू लागले की ४.६ गुणांचा माणूस नापास ठरतो आणि कंपनीला खऱ्या दोषाचा पत्ता कधीच लागत नाही. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये केलेल्या निर्देशानुसार अशा कामगाराचे खाते बंद करण्यासारखा निर्णय माणसानेच घ्यावा लागतो, संगणकाला तो परस्पर घेता येत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून सुटी सुटी कामे घेणाऱ्यांसाठी, कायदे केले आहेत. महाराष्ट्रात हा विषय निघेल तेव्हा कल्याण निधीच्या जोडीने मानांकनाचाही विचार व्हावा, आणि ग्राहकाला ‘व्यक्तीबद्दल’ व ‘व्यवस्थेबद्दल’ असे दोन वेगळे प्रश्न विचारणे कंपन्यांवर बंधनकारक व्हावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

खोट्या अभिप्रायांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल फारसे दुमत नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून खोटे अभिप्राय लिहवून घेणे व प्रसिद्ध करणे कायद्याने निषिद्ध आहे. ऐच्छिक मानक पाळतात ते मुळात प्रामाणिक असलेले विक्रेते, आणि त्यांच्यासाठी मानकाची गरज सर्वांत कमी असते.

राहता राहिले ते काहीच न बोलणारे ग्राहक. आमच्या यंत्राच्या बाबतीत फोन करणारे लोक मुख्यतः असे होते की ज्यांना इंग्रजीत सहज बोलता येत होते आणि ज्यांना आपण चुकत नसून यंत्र चुकते आहे असे म्हणण्याचे धैर्य होते. बदल केल्यानंतर आम्ही काही जुन्या ग्राहकांना स्वतःहून फोन केले, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, पट्टा बसत नाही म्हणून त्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिले होते. तक्रार का केली नाही असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘मला वाटले, माझाच दंड चुकीचा आहे.’

गेल्या महिन्यात या विषयावर माझ्या धाकट्या भावाशी फोनवर बराच वाद झाला. त्याच्या बँकेने त्याच्या दोन तक्रारी काही न सांगता बंद केल्या होत्या आणि ‘तुमच्याकडचे सांगू नकोस’ असे तो मला तावातावाने म्हणाला. मी त्याला त्याच बँकेच्या वार्षिक अहवालातले तक्रारींचे पान शोधून पाठवले. पाच प्रमुख कारणांपैकी दुसरे आणि चौथे कारण त्याचेच होते, आणि दोन्हींची संख्या आदल्या वर्षापेक्षा वाढलेली होती. रात्री त्याचा निरोप आला की, हे पान तो आता लोकपालांकडच्या अर्जाला जोडणार आहे आणि बँकेच्या वार्षिक सभेची तारीखही त्याने शोधून काढली आहे, कारण त्याच्याकडे तिचे थोडे शेअर आहेत.