‘पोरांना हात काळे करायला नकोत’ म्हणे!

महिनाभर झाला, एक फॉरवर्ड फिरतोय. उद्योजकांच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, आणि परवा तर माझ्या सीए साहेबांनीच पाठवला, खाली नमस्काराचे हात जोडून. मजकूर थोडक्यात असा: एमआयडीसीत मशिनी धूळ खात पडल्यात, चालवायला माणूस नाही. आजच्या पोरांना हात काळे करायला नकोत, एसीतली नोकरी पाहिजे. आयटीआय ओस पडल्या. इंजिनिअर पंधरा हजारांवर राबतोय आणि वेल्डर महिन्याला लाख मिळवतोय. जर्मनीत प्लंबरला डॉक्टरएवढा मान आहे. आपल्या बापजाद्यांनी कधी जाहिरात केली नाही, काम चोख होतं म्हणून गिऱ्हाईक दारात यायचं. हाताची कला रोबोटलाही जमणार नाही. पटलं तर पुढे पाठवा.

मला पटलं नाही. माझं कोल्हापूरजवळ शिरोलीला छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही ते मशिनिंग करून, म्हणजे मापात कापून, परत पाठवतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं) आणि वडिलांच्या काळातला उद्यमनगरमधून घेतलेला एक लेथ, जो आजही सगळ्यांत कमी कुरकुर करतो. माणूस मिळत नाही ही तक्रार माझीही आहे. मागच्या वर्षी तीन महिने व्हीएमसी एकाच शिफ्टला चालली. पण दुखणं खरं असलं तरी या फॉरवर्डनं सांगितलेलं कारण खोटं आहे, आणि कारणच खोटं धरलं तर आणखी दहा वर्षं आपण पोरांनाच शिव्या देत बसू.

‘हात काळे’पासून सुरुवात करतो, कारण सगळा राग तिथंच आहे. फौंड्रीत हात खरोखरच काळे होतात. मोल्डिंगला वाळू, फेटलिंगला (कास्टिंगवरचा फाजील धातू घासताना) ग्राइंडरची धूळ, भट्टीपुढचा जाळ. त्या वाळूतल्या सिलिकानं फुप्फुसं निकामी होतात. सिलिकोसिस हा सरकारला कळवणं कायद्यानं बंधनकारक असलेला आजार आहे. मास्क म्हणून एक रुमाल आणि ‘सवय होईल रे’ एवढ्यावर जिथं भागवलं जातं, तिथं गावातलं पोरगं आलं नाही तर त्याला आळशी म्हणायचं की शहाणं? आज आमच्या पट्ट्यात हे काम बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली माणसं करतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ती गावी गेली तेव्हा भट्ट्या कशा थंड पडल्या ते आपण पाहिलंय. तेव्हासुद्धा ‘लोकल पोरं येत नाहीत’ एवढंच बोललो. का येत नाहीत, हे कुणी विचारलं नाही.

आता पैशाचं. आयटीआयचा फिटर दोन वर्षं शिकतो, वेल्डर एक वर्ष. शिकताना ज्यांना विद्यावेतन मिळायचं, त्यांचा आकडा अगदी अलीकडेपर्यंत महिना ४० रुपये होता. राज्य सरकारनं तो ५०० केला. ४० रुपयांत कोल्हापुरात दोन मिसळीही येत नाहीत. पास होऊन बाहेर पडला की अप्रेंटिस. २०१९च्या नियमांनी आयटीआयवाल्याचा किमान स्टायपेंड ७,००० रुपये ठरवला. किमान म्हणजे याहून कमी नको, पण आपण तो आकडा ‘एवढाच द्यायचा’ असा वाचला. वर्ष संपलं की परीक्षा, प्रमाणपत्र, आणि ‘कॉन्ट्रॅक्टरला भेट’.

कॉन्ट्रॅक्टर हीच खरी मेख आहे. केंद्राच्या वार्षिक उद्योग पाहणीत २०००-०१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांपैकी २० टक्क्यांच्या आसपास कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये ते प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे ज्या काळात ‘पोरं बदलली’ असं आपण म्हणतो, त्याच काळात नोकरी बदलली. पूर्वी टर्नर म्हणून लागलेला माणूस दहा वर्षांत सेटर (मशीन लावून देणारा) व्हायचा, मग सुपरवायझर, आणि गावात ‘कंपनीत पर्मनंट आहे’ या एका वाक्यावर त्याचं लग्न जमायचं. आज तसाच पोरगा दर सहा महिन्यांनी ब्रेक मिळून तीन कॉन्ट्रॅक्टर बदलतो. बारा तास उभा राहतो, आणि ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे हे त्याला कुणी सांगत नाही. शेजारी त्याचा मित्र मोटरसायकलवर पार्सलं वाटतो, दर आठवड्याला पैसे खात्यात. त्या कामात उद्या नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पण आपल्या कामात तरी उद्या आहे असं आपण त्याला कधी दाखवलं?

आणि ‘पोरं, पोरं’ म्हणताना पोरी कुठं गेल्या? पुण्यात टाटा मोटर्सनं गाड्यांची एक आख्खी असेंब्ली लाइन महिलांकडे दिली. आमच्यासारख्या शॉपमध्ये मात्र मुलीचा अर्ज आला की पहिला विचार ‘टॉयलेटचं काय’ हा येतो आणि अर्ज ड्रॉवरमध्ये जातो. माझ्याही ड्रॉवरमध्ये दोन होते. टॉयलेट बांधायला आठ दिवस लागले, मनाची तयारी व्हायला चार वर्षं.

‘आयटीआय ओस पडल्या’ हे अर्धवट खरं. राज्यात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. तिथं इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या जागांसाठी झुंबड असते. ओस पडतात ते ट्रेड वेगळे, आणि नुसत्या बोर्डावर चालणाऱ्या काही खासगी संस्था. खरी अडचण दाराच्या आत आहे. पोरगा दोन वर्षं मार्किंग, फाइलिंग आणि जुन्या लेथवरचं काम करतो आणि आमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा फॅनुकचा कंट्रोल, म्हणजे सीएनसीचा कॉम्प्युटर, पाहतो. ऑफसेट (टूलच्या मापाप्रमाणे मशीनला द्यायची दुरुस्ती) म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं. मग आपण म्हणतो, ‘आयटीआयवाल्याला काही येत नाही.’ केंद्रानं मे २०२५ मध्ये हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली, त्यातले १०,००० कोटी उद्योगांकडून यायचे आहेत. पैसे येतील तेव्हा येतील. आपल्या शॉपपासून सात किलोमीटरवर आयटीआय आहे, तिथल्या निदेशकाला एकदा चहाला बोलावून आपली मशीन दाखवायला कोणती योजना लागते? मी स्वतः पंधरा वर्षांत एकदाच गेलो, तेही गणपतीची वर्गणी मागायला.

वेल्डरच्या लाखाबद्दल. हो, असे वेल्डर आहेत. पंचेचाळीस अंशांत जाम केलेल्या पाइपला चहूबाजूंनी, स्वतः वाकून, कधी पाठीवर झोपून, एक्स-रेला एकही दोष न दिसेल असा जॉइंट मारणं याला सिक्स-जी म्हणतात. ही टेस्ट पास होऊन रिफायनरीच्या शटडाउनला (दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात तेव्हा) किंवा आखातात काम करणारा चांगलं मिळवतो, आणि त्यानं मिळवलंच पाहिजे. पण शटडाउन संपला की काम संपतं, डोळे आणि पाठ तेवढी उरतात. आणि गल्लीत ग्रिल, गेट, पत्र्याचं शेड करणारा पोरगाही वेल्डरच. त्याला रोजावर पैसे, पावसाळ्यात खाडा. फॉरवर्ड पहिल्याचा पगार घेतो, दुसऱ्याची संख्या घेतो आणि समोर कॉलेजातून कालच बाहेर पडलेला इंजिनिअर उभा करतो. पंधरा वर्षं मुरलेल्या वेल्डरसमोर पंधरा वर्षं मुरलेला इंजिनिअर का नाही? आणि गंमत म्हणजे हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा आयटीआयला नाही. माझाही नाही, हे कबूल करून टाकतो.

जर्मनीत कारागिराला मान आहे हे खरं, पण तो आपोआप टिकत नाही. तिथल्या हस्तव्यवसायांच्या संघटनांनी २०१० मध्ये देशभर जाहिरात मोहीम उघडली, होर्डिंग, टीव्ही, सगळं. पैसा कारागिरांच्या धंद्यांचाच. कारण शिकाऊ मुलं यायची कमी होत चालली होती. म्हणजे सुतार, बेकर, प्लंबर यांच्या कामाची जाहिरात करावी लागली, ती ग्राहकासाठी जितकी, तितकीच शाळेतल्या पोरांसाठी. तरी माणूस पुरला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यानं कुशल माणसं मिळावीत म्हणून करार केला, तो महाराष्ट्र सरकारशीच. डॉक्टरएवढा मान असता तर त्यांना नाशिक-साताऱ्याकडं बघावं लागलं नसतं.

आता बापजाद्यांच्या जाहिरातीबद्दल, कारण हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त झोंबला. आमच्या भागात कारखानदारीचे बापजादे म्हणायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात करावी लागते. १९०३च्या सुमारास बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला. काम चोखच होतं. पण लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. चोख मालाच्या दारात दोन वर्षं गिऱ्हाईक नव्हतं! पुढं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगराच्या कारखान्यानं मासिक काढलं, तेही शंभर वर्षांपूर्वी, ज्या कुंडल रोडवर तेव्हा स्टेशनापलीकडं फारसं काही नव्हतं तिथून. आपल्या मालाबद्दल आणि कारखान्याबद्दल लोकांशी बोलत राहणं याला जाहिरात नाही तर काय म्हणायचं?

आपण त्यांचा नांगर लक्षात ठेवला, खबर विसरलो. परिणाम असा की आजही कास्टिंग किलोवर विकलं जातं. वाळूत किती पातळ कोअर (आतली पोकळी राखणारा साचा) बसवला, किती कमी रिजेक्शन आलं, याचा भाव नाही. वजन करा आणि बिल फाडा, कांद्यासारखं. आमचं मशिनिंग नगावर, पण नगाचा भावही समोरचाच सांगतो, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये ‘कॉस्ट डाउन’ म्हणून दोन-तीन टक्के कापतो.

मी या फेऱ्यात पुरता अडकलो होतो. नाव घेत नाही, पण माझं जवळपास ऐंशी टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं. पेमेंट नव्वद दिवसांवरून एकशेवीसवर गेलं. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाला करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२४-२५च्या कर निर्धारण वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षी खर्चातही धरता येत नाही. पण ऐंशी टक्क्यांवाल्याला कायदा दाखवायची हिंमत कुणात असते? त्या दिवाळीला बोनस दोन हप्त्यांत दिला. फेब्रुवारीत दोन सेटर सोडून गेले. व्हीएमसीची दुसरी शिफ्ट बंद पडली ती तेव्हा. म्हणजे ‘माणूस मिळत नाही’ ही माझी अडचण मुळात ‘दुसरं गिऱ्हाईक नाही’ ही होती. भाव माझ्या हातात नव्हता, म्हणून पगारही नव्हता.

मग जे केलं ते फार मोठं नाही. लीड विकणाऱ्या एका पोर्टलवर पैसे घालवले. तीच चौकशी आणखी सात जणांना जायची आणि सगळे मिळून भाव पाडायचो. ते बंद केलं. एका पानावर मशिनींची यादी लिहिली: बेडचा साइज, किती मायक्रॉनपर्यंत धरतो, तपासणीचा रिपोर्ट देतो का. कोटेशन चोवीस तासांत पाठवायचं ठरवलं, पूर्वी आठवडा लागायचा. आणि पुतण्यानं पंप हाउसिंगच्या बोअरिंगचा दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला. त्यावर सांगलीचं एक गिऱ्हाईक आलं, लहान पण तीस दिवसांत पैसे देणारं. त्याच्याही आधी फोन आला तो गडहिंग्लजकडच्या एका पोराचा. ‘सर, असलं काम शिकायला मिळेल का?’

रोबोटचं काय ते झटपट सांगतो. वेल्डिंगचे रोबोट चाकणमध्ये केव्हाच आलेत आणि एकसारखे हजार जॉइंट ते माणसापेक्षा चांगले मारतात. ‘हाताची कला’ म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. त्या रोबोटला फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) लावणारा, प्रोग्रॅम दुरुस्त करणारा माणूस लागतो, आणि आयटीआयच्या पोराला तिथवर न्यायचं की जॉब चढवायला-उतरवायलाच ठेवायचं, हे मालक ठरवतो.

आमच्या गेटवर कित्येक वर्षं एक पत्र्याची पाटी होती: ‘अनुभवी वर्कर पाहिजेत.’ पगार नाही, वेळ नाही, काही नाही. गेल्या जूनमध्ये ती काढली आणि नवी लिहिली. सुरुवातीचा पगार, ड्यूटी आठ तास, ओव्हरटाइम दुप्पट, सहा महिन्यांत ऑफसेट आणि टूल सेटिंग शिकवू, वर्षानं कंपनीच्या रोलवर. मुलींनीही यावं. शेजारचा शेडवाला म्हणाला, ‘पगार पाटीवर? सगळ्यांचे भाव बिघडवणार तुम्ही.’ पंधरा दिवसांत अकरा जण आले, त्यात तीन मुली. चौघं ठेवली. त्यातला एक दोन महिन्यांत पुण्याला गेला, बाकीचे आहेत, आणि व्हीएमसीची दुसरी शिफ्ट सध्या त्यांतल्याच एका मुलीकडं आहे.