ऑक्टेव्ह आधी की फझ आधी? नांदेडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बास गिटारवर ऑक्टेव्ह (स्वर एक सप्तक खाली किंवा वर नेणारे) आणि फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारे) ही पायाने चालू-बंद करायची दोन पेडल एकत्र वापरण्याविषयी मी लिहिले होते. त्यावर आपण नांदेडहून इतकी सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. ऑक्टेव्ह आधी आणि फझ नंतर हा मी सुचवलेला क्रम उलटा आहे, कारण फझमधून निघणारा आवाज शेवटपर्यंत एकाच पातळीवर टिकतो आणि ऑक्टेव्हला स्वर पकडणे सोपे जाते. मी वापरलेला 'स्वच्छ फझ' हा शब्दप्रयोग वदतोव्याघात आहे. ऑर्केस्ट्राच्या मैदानी कार्यक्रमात हा सगळा खटाटोप केल्यावर श्रोत्यांपर्यंत घुमारा पोहोचतो, स्वर पोहोचत नाही. आणि हे सारे एका साध्या मल्टिइफेक्टमध्ये, म्हणजे अनेक पेडलांचे काम करणाऱ्या एकाच यंत्रात, मिळत असताना दोन स्वतंत्र पेडलांवर पैसे का घालवायचे, असेही आपण विचारले आहे. मी मैदानाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतात.

मैदानात घुमारा होतो, हे आपले निरीक्षण खरे आहे. चार तारांच्या बासची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर, डी ७३.४ वर आणि जी ९८ वर. ऑक्टेव्ह पेडलने मोकळी ई एक सप्तक खाली नेली की ती २०.६ हर्ट्झवर जाते, म्हणजे माणसाच्या कानाच्या खालच्या मर्यादेला टेकते. आपल्याकडे जत्रेत, उरुसात किंवा गणपतीत लागणारे १८ इंची दुहेरी बेस स्पीकर साधारणपणे ४० हर्ट्झच्या खाली झपाट्याने दुबळे पडत जातात. त्यामुळे तो खालचा स्वर कोणालाच ऐकू येत नाही, परंतु तो वाजवण्याच्या प्रयत्नात अॅम्प्लिफायरची ताकद मात्र खर्च होते, स्पीकरचा कोन विनाकारण पुढेमागे हलत राहतो आणि त्याच कोनातून येणारा किक ड्रम व बासचा मूळ स्वर दोन्ही गढूळ होतात. त्यावर फझनेही आपला खालचा भाग ओतला, तर एकाच जागेसाठी तीन आवाज भांडू लागतात. आपण ज्याला घुमारा म्हणता, तो या भांडणाचा आवाज आहे.

म्हणून माझा आग्रह पेडलांच्या क्रमापेक्षा एका वेगळ्या गोष्टीचा आहे: साधारण १०० हर्ट्झच्या खालचा प्रदेश एका वेळी एकाच आवाजाच्या ताब्यात असावा. मूळ बास वाजत असेल, तर खालचे सप्तक बंद ठेवावे. खालचे सप्तक हवे असेल, तर हात बाराव्या पडद्याच्या आसपास न्यावा, म्हणजे ई तारेवरचा ८२.४ चा स्वर खाली येऊन ४१.२ वर बसतो आणि स्पीकरला झेपतो. बासवादक पिनो पॅलाडिनो यांचे १९८०च्या दशकातले फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बासवरचे ऑक्टेव्हचे वादन ऐकलेत, तर ते हे पेडल बहुधा वरच्या भागात वाजवलेल्या ओळींना जाडी देण्यासाठी वापरतात, हे लक्षात येईल. खालच्या मोकळ्या तारांवर ऑक्टेव्ह चालू ठेवण्यात दुसरीही एक अडचण आहे, ती वेळेची. २०.६ हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे ४८ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला जेमतेम अडीच आवर्तने येतात. एवढ्या अवधीत कानाला स्वर ठरवता येत नाही, त्याला फक्त धक्का जाणवतो. ढोलकी द्रुत लयीत गेली की ऑक्टेव्ह बंद करावा, हे मी म्हणतो ते या हिशेबामुळे.

आता 'स्वच्छ फझ' या शब्दप्रयोगाकडे वळतो. फझ आवाजाच्या लहरीचे माथे कापून तिला चौकोनी बनवते आणि त्या कापण्यातून मूळ स्वराचे विषम पटीतले उपस्वर तयार होतात. ई तारेच्या बाबतीत ते १२३.६, २०६, २८८.४ हर्ट्झ असे चढत जातात. मूळ ४१ हर्ट्झ लहान स्पीकरमधून अजिबात येत नसले, तरी ही उपस्वरांची मालिका ऐकून मेंदू मूळ स्वर स्वतः ताडतो. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाची तार मोबाइलच्या स्पीकरवरही ओळखू येते आणि जवारी झिजून बसली की तीच तार मुकी वाटते, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा फझ हे बासला अस्पष्ट करणारे यंत्र आहे, हे मला मान्य नाही. मैदानाच्या शेवटच्या रांगेत, जिथे फक्त टॉपचाच (मधल्या-वरच्या स्वरांच्या स्पीकरचाच) आवाज नीट पोहोचतो, तिथे बास कोणता स्वर वाजवत आहे हे कळण्यासाठी मोजक्या फझचा उपयोगच होतो. मात्र यात एक खाचखळगा आहे, ज्याकडे फार कमी वादक लक्ष देतात. पाचव्या पटीचा उपस्वर हा मूळ स्वराचा शुद्ध गंधार असतो. कीबोर्ड मायनर (कोमल गंधाराचा) कॉर्ड धरून बसला असेल आणि बासचे फझ सणसणीत उघडे असेल, तर कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार एकत्र वाजतात आणि सगळ्यांना काहीतरी बेसूर चालले आहे असे वाटते, पण बोट कोणावर ठेवावे ते कळत नाही. अशा गाण्यात फझचा गेन (आवाज किती वाढवून कापायचा ते ठरवणारी कळ) आणि टोन दोन्ही खाली घ्यावेत.

क्रमाचा वाद आता पाहू. आपण मांडलेला तर्क अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. बॉस कंपनीच्या १९८२ साली आलेल्या ओसी-२ या ऑक्टेव्हसारखी अॅनालॉग पेडल आवाजातले बरेचसे वरचे घटक गाळतात, उरलेल्या लहरीची आवर्तने मोजतात आणि दर आवर्तनाला एक कळ उलटी-सुलटी करून निम्म्या गतीची लहर तयार करतात. आवाजाची पातळी टिकून असेल, तर मोजणी अधिक वेळ चालते. इथवर आपले म्हणणे पटते. अडचण स्वर विझू लागल्यावर येते. फझचा गेन इतका मोठा असतो की तार शांत होत असताना तो केबलमधली आणि पिकअपमधली (तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागातली) गुणगुण उचलून स्वराच्याच पातळीवर आणतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जनरेटरवर चाललेल्या मांडवात, अर्थिंग यथातथा असताना, सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या, गुणगुण पकडणाऱ्या) पिकअपचा बास लावून हे करून पाहा: तारेवर हात ठेवला की ऑक्टेव्ह त्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीलाच स्वर समजते आणि २५ हर्ट्झचा थरथराट सुरू करते. दोन गाण्यांमधल्या शांततेत स्पीकरचा कोन नुसता धडपडताना दिसतो. शिवाय शेजारच्या तारांचे बारीक कंपनही फझमुळे मोठे होऊन मोजणी चुकवते.

ऑक्टेव्ह आधी ठेवले, तरी स्वर चुकण्याची शक्यता पूर्णपणे जात नाही. बासच्या जाड तारेत, विशेषतः ब्रिजजवळ (मानेच्या विरुद्ध टोकाशी) छेडल्यास, दुसरा उपस्वर मूळ स्वरापेक्षा मोठा येतो आणि पेडल दोघांमध्ये घुटमळते. त्यावर उपाय हातात आहे: मानेकडच्या पिकअपवर जावे, बासवरचा टोन अर्ध्याहून खाली आणावा, बोट मानेच्या टोकाशी चालवावे आणि डाव्या हाताने बाकीच्या तारा दाबून ठेवाव्यात. मोकळी ए वाजवण्याऐवजी ई तारेच्या पाचव्या पडद्यावरची ए घ्यावी, कारण तिथे मूळ स्वर अधिक भरीव येतो आणि सोडल्यावर तारही लगेच गप्प होते.

जिथे फझ आधी असणेच योग्य, असा एक प्रकार आहे आणि तो आपल्या बाजूने जातो. रॉजर मेयर यांनी १९६७ मध्ये बनवलेल्या ऑक्टेव्हियासारख्या, एक सप्तक वर नेणाऱ्या पेडलांच्या पोटातच आधी फझ आणि मग सप्तक बदलणारा भाग असतो. लहरीचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणला जातो, एका आवर्तनात दोन माथे तयार होतात आणि स्वर दुप्पट होतो. पण हे वरच्या सप्तकाचे तंत्र आहे. त्याच्यावरून खालच्या सप्तकाचा क्रम ठरवता येत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या प्रतिक्रियेत हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले आहेत.

ऑक्टेव्ह आधी ठेवताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. मूळ स्वर आणि खालचे सप्तक दोन्ही एकत्र फझमध्ये सोडले, तर फझ त्यांची बेरीज-वजाबाकी करून नवे स्वर बनवते. सप्तकाचे नाते सरळ असल्याने ते नवे स्वर बेसूर होत नाहीत, पण ते सगळे खालच्या स्वराच्या पटीत पडतात आणि कानाला पूर्ण ओळच एक सप्तक खाली गेल्यासारखी वाटते. म्हणून ओसी-२ वर 'डायरेक्ट' पूर्ण शून्य ठेवून फक्त पहिले सप्तक फझमध्ये सोडणे किंवा सप्तक अगदी थोडे ठेवून 'डायरेक्ट' मोठे ठेवणे, हे दोन्ही चालते. निम्मे-निम्मे ठेवले की गोंधळ. खालच्या दोन तारांवर दोन स्वर एकत्र वाजवून ते फझमध्ये सोडण्याचा मोह तर अजिबात धरू नये. ४१ आणि ५५ हर्ट्झ यांच्या वजाबाकीतून १४ हर्ट्झची गुरगुर तेवढी मिळते.

मला स्वतःला जी जोडणी सर्वांत स्वच्छ वाटते, ती समांतर आहे. बासचा आवाज सुरुवातीलाच दोन वाटांनी फोडावा. बॉसचे एलएस-२ किंवा ब्लेंडची (दोन वाटा हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची) सोय असलेले कोणतेही पेडल हे काम करते. एक वाट स्वच्छ, तिच्यावर काहीही नाही. दुसऱ्या वाटेवर एक सप्तक वर नेणारे ऑक्टेव्ह आणि त्यानंतर फझ, आणि या वाटेचा साधारण १५० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग कापलेला. ई तार वरच्या सप्तकात ८२.४ वर जाते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची जागा घेते. तळ स्वच्छ बासकडे आणि खरखर गिटारच्या जागी, अशी वाटणी झाली की दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. रॉयल ब्लड या दोनच जणांच्या बँडमध्ये माइक कर हे गिटारवादकाची उणीव बासनेच भरून काढतात, ती साधारण याच तत्त्वावर. आपल्याकडच्या संचात गिटार असतोच, त्यामुळे फझची वाट त्यांच्याइतकी मोठी ठेवू नये. हलगी आणि संबळ सोबत असतील, तर आणखी कमी.

समांतर जोडणीत एक तपासणी मात्र विसरू नये. काही फझ पेडल लहर उलटी करून बाहेर सोडतात. अशा वेळी स्वच्छ वाट वर जाते तेव्हा फझची वाट खाली जाते आणि दोघी मिळून तळ खाऊन टाकतात. तपासायला सोपे आहे: फझच्या वाटेवरचे ऑक्टेव्ह बंद करून खालची काट काढून टाकावी, जी तारेवर पाचव्या पडद्याचा स्वर लांबवून धरावा आणि ब्लेंडची कळ स्वच्छ टोकापासून फझच्या टोकाकडे हळूहळू फिरवावी. मध्यावर येताच आवाज पातळ, पत्र्यासारखा झाला आणि पुढे गेल्यावर पुन्हा भरला, तर ध्रुवता उलटी आहे. एलएस-२ मध्ये ती सुलटी करायची सोय नसते, त्यासाठी ब्लेंडर पेडल 'फेज'ची कळ असलेले बघून घ्यावे.

मल्टिइफेक्टबद्दल माझा कसलाही दुराग्रह नाही. त्यात दोन समांतर वाटा आणि प्रत्येकीवर फिल्टर मिळत असेल, तर वरचे सगळे त्यात होते आणि अडॅप्टरही एकच लागतो. स्वतंत्र पेडल घेणारच असाल, तर जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ मराठवाड्यासाठी घेऊ नका, एवढेच सुचवतो. जर्मेनियममधली विजेची गळती तापमानाबरोबर वाढते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या वर असताना, दिवसभर उन्हात तापलेल्या स्टेजवर ठेवलेले असे पेडल संध्याकाळी स्वर अर्धवट तोडून फुरफुरू लागते. सिलिकॉनला ही अडचण जवळजवळ येत नाही. शिवाय जुन्या धर्तीच्या बऱ्याच जर्मेनियम पेडलांची जमीन (ग्राउंड) विजेच्या धन टोकाला असते, त्यामुळे बाकीच्या पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर ती लावता येत नाहीत.

शेवटी साउंडवाल्याशी बोलण्याचे दोन मुद्दे, कारण मैदानात पेडलांनी कमावलेले तिथेच वाया जाते. मिक्सरच्या बहुतेक चॅनेलवर ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान कापणारे 'लो कट'चे बटण असते, आणि भाषणाचे माइक लावताना सगळ्या चॅनेलवर ते सरसकट दाबले जाते. बासच्या चॅनेलवर ते सोडवून घ्यावे. दुसरे असे की, डी.आय. बॉक्समधून (बास थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) फझ थेट टॉपमध्ये गेले, तर ते मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाजते, कारण बासच्या कॅबिनेटमधला मोठा स्पीकर ४-५ हजार हर्ट्झच्या वरचे जे सारे स्वतःहून गाळतो, ते टॉपचा हॉर्न इमानेइतबारे वाजवतो. म्हणून फझच्या वाटेवर कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणारी सोय) लावावे, ते नसेल तर मिक्सरवर त्या चॅनेलची ट्रेबल निम्म्याहून खाली आणून मगच साउंड चेक सुरू करावा, आणि शक्य असेल तिथे स्वच्छ वाट व फझची वाट अशा दोन वेगळ्या केबल देऊन दोन्हींचे फेडर साउंडवाल्याच्या हाती द्यावेत.