पाण्याला विरजण

आमच्या घरात मासा आला की आई आधी त्याचा डोळा बघते, मग कल्ला उचलून आतला रंग. डोळा खोल गेलेला आणि कल्ला फिकट असेल तर मासा परत जातो, आणि आणणाराही थोडा वेळ अंगणातच थांबतो. त्यामुळे आषाढात मी कुडाळहून पिशवीभर पाण्यात चार गोल्डफिश आणि आठ मॉली घेऊन आलो, तेव्हा तिने पिशवी उजेडात धरून बाराही जणांचे डोळे तपासले.

"ताजे आसत. पण ह्यांच्यात खावचा काय आसा?"

"खावचे नाय गो, पाळूचे."

"खावचे नाय तर हाडलंस कित्याक?"

टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. पन्नासेक लिटर पाणी. दुकानदाराने तीन वाक्यांत सगळं शास्त्र उरकलं होतं: पाणी भरा, फिल्टर लावा, मासे सोडा. चौथं वाक्य त्याने का गिळलं, ते मला नंतर कळलं. ते सांगितलं असतं तर मी त्या दिवशी एकही मासा घेतला नसता.

चार दिवस पाणी असं स्वच्छ की टाकी रिकामी वाटावी. पाचव्या दिवशी ते तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. दारात आलेला माणूस तोंड उघडतोय म्हणजे त्याला भूक लागली आहे, हे आमच्याकडचं शिक्षण. मी खाणं वाढलं. ते खाईनात, म्हणून आग्रह केला. सहाव्या सकाळी एक गोल्डफिश आडवा.

आईने सवयीने कल्ला उचलला. "बघ, करपलो हा कसो. तुझ्या पाण्यातच काय तरी आसा." बाजारातला मासा चाळीस वर्षं परत पाठवून मिळवलेलं निदान होतं ते, आणि शंभर टक्के बरोबर निघालं. मासा माडाच्या आळ्यात गेला. मेल्यावर कढईचं तोंड न बघता गेलेला आमच्या घराण्यातला हा पहिलाच.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला माझा एक आतेभाऊ रत्नागिरीला असतो. त्याला फोन लावला.

"दादा, फिल्टर लावून किती दिवस झाले?"

"सहा."

"आणि मासे?"

"सहा."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "म्हणजे तू मुतारी बांधलीस, माणसं आत सोडलीस, आणि नळ जोडायचा राहिला."

मासे अमोनिया टाकतात, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. न खाल्लेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर. समुद्रात त्याचा पत्ताही लागत नाही. पन्नास लिटरमध्ये दोन-तीन दिवसांत तो कल्लेच जाळायला घेतो. आम्हाला अमोनिया माहीत तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला. पण आईला मी सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मोरी शिळी झाली काय नाकात जाता, ताच मां?" ताच. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, मांसात युरिया असतो आणि शिळेपणी त्याचा अमोनिया होतो. फरक एवढाच, की टाकीतला अमोनिया आपल्या नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी माशाला कळतो.

यावर इलाज म्हणजे जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पाण्यात पोहत बसत नाहीत. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर बिऱ्हाड करतात. वसती पुरी व्हायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तच. हेच ते गिळलेलं चौथं वाक्य. तोवर खाणं चिमूटभर, तेही दिवसाआड, आणि रोज थोडं पाणी बदलायचं. "नाहीतर जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळव," आतेभाऊ म्हणाला.

आई इतका वेळ कांदा चिरत ऐकत होती. "अरे, मगे सरळ सांग मां, विरजण लावचा आसा म्हणान."

मालवणात ओळखीच्या एका हॉटेलात तीन वर्षं चालू असलेली टाकी होती. मालकाने अर्धा स्पंज कापून दिला. तो वाळला तर सगळी वस्ती मरणार, म्हणून त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून एसटीने आणला. शेजारच्या बाईंनी डब्याकडे दोनदा पाहिलं आणि खिडकी उघडली. बाहेर धो धो पाऊस होता, तरी.

विरजण लागलं. तपासणीचं किट मागवलं होतं; त्यातला अमोनियाचा हिरवा रंग आठवड्याभरात पिवळ्याकडे झुकला. मी वाडीत दोन-चार जणांना ती नळी नेऊन दाखवलीदेखील. लांबून बघणाऱ्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मग आला टीसीएलचा दिवस. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरींत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकून जातो. माणसांनी जगावं म्हणून टाकतात, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? आपलं विहिरीचं पाणी, त्यात कुठला आलाय क्लोरीन, अशा गुर्मीत मी दोन बादल्या टाकीत ओतल्या. वर स्पंज घाण दिसतो म्हणून तोही त्याच पाण्यात खसखसून धुतला. विरजणाचं भांडं उकळत्या पाण्याने विसळून वर आपलीच पाठ थोपटावी, तसं. तिसऱ्या दिवशी नळी पुन्हा हिरवीगार. एक गोल्डफिश आणि एक मॉली माडाकडे.

तेव्हापासून ओटीवर कायम एक बादली पाणी भरून ठेवलेलं असतं. उघडं ठेवलं की दिवसभरात क्लोरीन बराच उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे चार खडे, जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणत तेच. आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळायचा. त्या बादलीत पाय धुतल्याबद्दल पोस्टमनवर मी ओरडलो, याचा आता पश्चात्ताप होतो.

श्रावणात घरात मासे शिजणं बंद, त्यामुळे टाकीसमोर बसून उसासे टाकणारे दोघे-तिघे वाढले. एकदा वीज गेली ती रात्रभर आली नाही. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, म्हणून मी पहाटेपर्यंत तांब्याने पाणी उचलून वरून ओतत बसलो. बायको एकदा उठली, बघितलं आणि काही न विचारता परत झोपली.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले. भाच्याने टाकी 'भकास' दिसते म्हणून तिसऱ्यांच्या मूठभर शिंपल्या आत सोडल्या. आमचं जांभ्यातलं पाणी मऊ आणि जरासं आंबट. त्यात अमोनियाचा जहालपणा बराच दबून राहतो. शिंपल्या चुन्याच्या. त्या विरघळत गेल्या की पाणी उलट बाजूला झुकतं आणि तेवढाच अमोनिया जास्त मारतो. हे मी भाच्याला समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागे त्याच्या आजोबांनी माशांना मोदक कुस्करून घातला. "देवाचो प्रसाद आसा, काय होना नाय." मी आरती सोडून जाळी घेऊन धावलो. देवासमोर सगळे टाळ वाजवत होते आणि मी टाकीत खोबरं शोधत होतो.

पण कोणी मेलं नाही. विसर्जनानंतर नळ्या तपासल्या: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट तेवढं चढलेलं. ते उतरवायला आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. काढलेलं पाणी मी पहिल्यांदा परसात ओतलं, ते नेमकं आईच्या मिरचीच्या रोपांत. नायट्रेट म्हणजे खतच की. पंधरवड्यात मिरच्या अशा लगडल्या की शेजारची काकी वाण विचारायला आली.

आता मला पाणी बदलायची आठवण ठेवावी लागत नाही. उरलेल्या नऊ जणांचे डोळे आई रोज सकाळी तपासते आणि दर रविवारी रिकामी कळशी घेऊन टाकीपाशी उभी राहते.

"काय रे, आज काय केल्यानी नाय तुझ्या माशांनी? माझी मिरची वाट बघता हा."