मंडपवाल्याला विक्रीच्या चाळीस पट कोण देईल?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, मेहुण्याकडून, आणि शाळेतल्या एका मित्राकडून, ज्याने त्याआधी तीन वर्षं ‘शुभ दीपावली’पलीकडे काही पाठवलं नव्हतं. पाचव्या वेळी तो मेसेज चालत आला. आमच्या पाचपाखाडीतल्या बिल्डिंगमधले पहिल्या मजल्यावरचे काका जिन्यातच थांबले आणि म्हणाले, “तू महाप्याला डेटा सेंटरमध्येच आहेस ना रे? मग सांग, घेऊ का?” त्यांची एक एफडी पुढच्या महिन्यात सुटते आहे.

मेसेज थोडक्यात असा: एका नव्या क्लाउड कंपनीचा (म्हणजे इंटरनेटवरून कम्प्युटर किंवा सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा) शेअर सध्या वार्षिक विक्रीच्या चाळीस पट भावाला आहे, आणि तरीही तो ‘कवडीमोल’ आहे. त्यापुढे पाच कारणं आणि पाच रॉकेटं. शेवटी बारीक अक्षरात ‘फक्त शैक्षणिक हेतूसाठी’. (जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने स्पष्ट केलं की नुसतं शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. या मेसेजमध्ये कालचा भाव आहे.)

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. बारा वर्षं खरेदी आणि बिलिंग बघतो, एवढीच माझी पात्रता. आणि खरं तर नाव बदललं तरी मेसेज हाच राहतो.

पहिलं कारण (त्यातला पीई म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा): “क्लाउड कंपनीला पीई लावायचा नसतो, विक्रीच्या पटीत मोजायचं असतं. चाळीस पट म्हणजे काहीच नाही. अमेरिकेत स्नोफ्लेक याच्या कितीतरी पट महाग होता.”

होता, खरंच होता. सप्टेंबर २०२० मध्ये स्नोफ्लेक (क्लाउडवरून सॉफ्टवेअर देणारी कंपनी) लिस्ट झाला तेव्हा पहिल्याच दिवशी २५४ डॉलरच्या आसपास बंद झाला. त्या भावाला कंपनीची किंमत मागच्या आर्थिक वर्षातल्या विक्रीच्या अडीचशे पटींहून जास्त होत होती. पुढचं मेसेजमध्ये नाही, म्हणून मी सांगतो. कंपनीने जे करून दाखवायचं ते करून दाखवलं. साडेसव्वीस कोटी डॉलरची विक्री पाच वर्षांत साडेतीन अब्जांच्या पुढे गेली, म्हणजे तेरापटीहून जास्त. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर १२० डॉलरच्या खाली होता. विक्री तेरापट आणि पहिल्या दिवशी घेणाऱ्याचे पैसे निम्म्याहून कमी. कंपनी नापास झाली नव्हती. तिच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या गुणांचे पैसे लोकांनी आधीच मोजून दिले होते.

आता आपला चाळीस पटीचा हिशेब. तो काकांबरोबर त्यांच्याच डायनिंग टेबलवर, वीजबिलाच्या पाठीमागे केला. सोपं जावं म्हणून विक्री १०० कोटी धरली, म्हणजे बाजारमूल्य ४००० कोटी. एवढी जोखीम घ्यायची तर वर्षाला १५ टक्के तरी सुटायला हवेत, हे काकांनीच सांगितलं. दहा वर्षांनी ४००० चे साधारण १६,२०० कोटी व्हायला हवेत. तोवर कंपनी प्रौढ झालेली असेल, तिला २५ चा पीई देऊ. म्हणजे निव्वळ नफा साधारण ६५० कोटी हवा. विक्रीवर २० टक्के निव्वळ नफा धरला तर (टीसीएस एवढी मुरलेली कंपनी, तीसुद्धा एकोणीस टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे हे उदारच झालं) विक्री हवी ३२५० कोटींच्या घरात. शंभरावरून सव्वातीन हजारावर जायला दर वर्षी जवळजवळ ४२ टक्के वाढ, ओळीने दहा वर्षं, एकही वर्ष न चुकता.

“आणि नुसतं एफडीएवढं सुटायला?” काकांनी विचारलं. सात टक्के धरून आकडा काढला तर दहा वर्षं ३२ टक्क्यांची वाढ लागते. काकांनी चष्मा काढला आणि पुसला.

पीई नको तर नको. पण विक्रीची पट म्हणजे कुठेतरी दडवून ठेवलेला पीईच असतो. पुढे कधीतरी मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) अमुक होईल, हे गृहीत धरल्याशिवाय विक्रीला किंमत येतच नाही.

दुसरं कारण: “ॲमेझॉनसुद्धा सुरुवातीला तोट्यात आणि महाग होता.”

मे १९९७ मध्ये ॲमेझॉन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ४४ कोटी डॉलरच्या आसपास होती आणि आदल्या वर्षाची विक्री दीड कोटीच्या थोडी वर. म्हणजे पट अठ्ठावीस, मान्य. पण त्याच वर्षी विक्री ८३८ टक्क्यांनी वाढून १४.८ कोटींवर गेली, त्यामुळे वर्ष संपता संपता ती आयपीओची किंमत विक्रीच्या तिप्पटच उरली. मेसेजमधल्या कंपनीची वाढ ८३८ टक्के नाही, एवढं मेसेजच सांगतो. शिवाय डिसेंबर १९९९ मध्ये शंभर डॉलरच्या वर ज्यांनी ॲमेझॉन घेतला त्यांनी २००१ मध्ये तोच शेअर सहा डॉलरला पाहिला, आणि मुद्दल परत यायला २००९ उजाडलं. त्यांनी जगातली सर्वांत यशस्वी दुकानदारी निवडली होती. फक्त भाव चुकला.

‘क्लाउड सुरुवातीला तोट्यातच असतो’ हेही पूर्ण खरं नाही. ॲमेझॉनने एडब्ल्यूएसचे, म्हणजे आपल्या क्लाउड विभागाचे, आकडे पहिल्यांदा वेगळे दाखवले ते एप्रिल २०१५ मध्ये. तिमाहीची विक्री १.५७ अब्ज डॉलर आणि ऑपरेटिंग नफा २६.५ कोटी. झाकण उघडलं तेव्हा आत नफा होता.

तिसरं कारण: “एबिटडा मार्जिन साठ टक्के! आयटी कंपन्या पंचवीसवर पेढे वाटतात.” इथे मला जरा बसून बोलायचं आहे, कारण हे माझं रोजचं काम आहे.

क्लाउड या एका शब्दाखाली दोन वेगळे धंदे नांदतात. एक, सॉफ्टवेअर भाड्याने देण्याचा. तिथे हजारावा ग्राहक आला तरी नवीन फारसं काही विकत घ्यावं लागत नाही. स्नोफ्लेक त्या जातीचा आहे, तो ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या यंत्रांवर चालतो. दुसरा धंदा यंत्रंच भाड्याने देण्याचा. मेसेजमधली कंपनी ही दुसरी. आणि हा धंदा सॉफ्टवेअरपेक्षा आपल्या मंडप-डेकोरेशनवाल्याच्या जास्त जवळचा आहे. एका मुहूर्ताला दोन लग्नं घ्यायची तर खुर्च्या दुप्पट लागतात, टेम्पो दुप्पट लागतो. आलेल्या भाड्यातून कामगारांची मजुरी आणि डिझेल वजा केलं की बरंच उरतं, आणि त्याला तो नफा म्हणू लागला तर चार वर्षांनी मोडक्या खुर्च्या घेऊन बसेल. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि खुर्च्यांची झीज न धरता काढलेला नफा. आणि मंडपवाल्याचा धंदाच मुळी खुर्च्या झिजवण्याचा.

आमच्याकडे खुर्च्या कशा दिसतात ते सांगतो. मी लागलो तेव्हा सर्व्हरच्या एका रॅकला साधारण सहा किलोवॅट धरायचो आणि तेही पुरून उरायचे. एनव्हिडियाची डीजीएक्स एच१०० ही एआयसाठीच्या आठ चिपची एक पेटी पूर्ण भाराला एकटीच १०.२ किलोवॅट घेते. एसी धरून विजेचं माप दीडपट करा, युनिटला नऊ रुपये लावा, महिन्याचं बिल लाखाच्या घरात जातं. ही वीज तरी एबिटडात धरलेली असते. पेटीची किंमत मात्र नाही, आणि तीच मोठी. समजा पेटी ३ कोटींची. आपल्या कंपनी कायद्यातल्या परिशिष्ट दोननुसार सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षं, म्हणजे वर्षाला ५० लाख घसारा. तीच पेटी चार वर्षांतच मागे पडली तर वर्षाला ७५ लाख. पेटी तीच, ग्राहक तोच, आणि ‘नफा’ दर पेटीमागे पंचवीस लाखांनी वेगळा. खुद्द ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आपल्या काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं, एआयमुळे तंत्रज्ञान फार वेगाने बदलतंय हे कारण देऊन. त्याच वर्षी जूनमध्ये एडब्ल्यूएसने एनव्हिडियाच्या जीपीयूंचं (म्हणजे याच चिपचं) भाडं ४५ टक्क्यांपर्यंत उतरवलं. म्हणजे खुर्ची झिजण्याआधीच तिचं भाडं पडतं.

दिवाळीआधी आमच्या मागच्या दारातून ई-कचऱ्याचा टेम्पो भरला. वर ठेवलेल्या सर्व्हरवर माझ्याच अक्षरातला मालमत्तेचा नंबर होता. त्याच्या खरेदीच्या फाइलीसाठी मी दोन रात्री घरी उशिरा गेलो होतो. वजनकाट्यावर त्याचे किती झाले ते सांगत नाही, वाईट वाटतं.

म्हणून एबिटडा बाजूला ठेवून काकांना मी वार्षिक अहवालातलं रोख प्रवाहाचं पान उघडायला लावलं. धंद्यातून आलेली रोकड एका ओळीत, यंत्रांवर गेलेली दुसऱ्या ओळीत. गेलेली जास्त असेल तर फरक कुठून येतो? कर्जातून, नाहीतर नवे शेअर काढून. दहा वर्षांत शेअरची संख्या दीडपट झाली, तर मघाचा ४२ टक्क्यांचा आकडा ४७ वर जातो. वाढ दिसते ती कंपनीची. आपल्या वाट्याला येणारा तुकडा त्या वेगाने वाढत नाही.

चौथं कारण मागणीचं: “नवी मुंबईत एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतायत, मागणी संपणारच नाही.” हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने मी रोज तेच बघत जातो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जिथे केमिकल आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते तिथे आता बिनखिडक्यांच्या इमारती आणि जनरेटरच्या रांगा आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश काढला, तेव्हापासून चौकशीचे फोन थांबलेले नाहीत. पण ही मागणी फक्त आपल्या छोट्या कंपनीला दिसते का? मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं २०१५ मध्ये इथे आली, एडब्ल्यूएसची २०१६ मध्ये. केंद्र सरकारच्या १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून जीपीयू सवलतीत मिळतात. लग्नं वाढली की मंडपवालेही वाढतात, आणि मग भाव वधूपिता ठरवतो.

पाचवं: “मोठे गुंतवणूकदार आत शिरलेत.” कोणत्या भावाला शिरलेत? स्नोफ्लेकमध्ये वॉरन बफेट यांची बर्कशायर हॅथवेसुद्धा होती, पण तिला शेअर मिळाले १२० डॉलरच्या इश्यू किमतीला. तुमच्या-आमच्यासारख्यांना बाजार उघडला तोच २४५ ला. २०२४ च्या मध्यापर्यंत बर्कशायर बाहेरही पडली होती. आपल्याकडे प्रेफरेन्शियल इश्यूत (निवडक गुंतवणूकदारांना थेट नवे शेअर देताना) प्रवर्तक नसलेल्यांना सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे विक्रीबंदी, असतो. तो कधी सुटतो ती तारीख मेसेजमध्ये कुठेच नाही.

काकांनी शेवटी सरळच विचारलं, “मग कितीला घ्यावा?” वीजबिलाची पाठ भरली होती, म्हणून पाकिटावर हिशेब उलटा केला. दहा वर्षं ३० टक्के वाढ धरली, आणि हीसुद्धा फार थोड्यांना जमते. विक्री १३८० कोटी, नफा २७६, बाजारमूल्य सुमारे ६९००. शेअरची संख्या दीडपट होणार म्हणून दीडने भागलं, ४६००. दर वर्षी पंधरा टक्के सुटायचे तर आज त्याचे साधारण ११४० कोटी.

“म्हणजे अकरा पट,” काका म्हणाले, आणि पाकिटावर अकराला गोल केला. “आणि अकरा पटीला मला देणार कोण?”

आत्ता तरी कोणी नाही.