‘चालतंय ना, मग हात लावू नका’: या सल्ल्याचा प्रतिवाद

वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फॉरवर्ड होतो: ‘सर्व्हर नीट चालतोय तर अपडेटच्या मागे लागू नका. आपल्या छोट्या साइटकडे कोण बघतंय? पुढे फायरवॉल आहेच. अपडेट टाकलं की साइट बंद पडते. अगदी बोंबाबोंब झाली तर पॅच (त्रुटी बुजवणारं अपडेट) टाकू, विषय संपला.’ रिमोट कोड एक्झिक्युशनची त्रुटी, म्हणजे बाहेरच्या माणसाला तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू देणारं भोक, समोर असेल तर यातलं एकही वाक्य टिकत नाही.

छोट्या साइटकडे कोण बघतं? स्क्रिप्ट बघतात. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनचे आकडी, पत्ते सुमारे ४३० कोटी. झेडमॅप या स्कॅनरने एका पोर्टसाठी (सर्व्हरच्या एका क्रमांकित दारासाठी) ते सगळे तासाभराच्या आत तपासता येतात, हे २०१३ मध्येच दिसलं होतं. स्क्रिप्टला तुमची उलाढाल कळत नाही. क्रिप्टो मायनिंगला किंवा पुढच्या हल्ल्याला कुठलंही मशीन चालतं.

फायरवॉलचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लायब्ररीमधली लॉग४शेल ही त्रुटी जाहीर झाली. तिची तीव्रता १० पैकी १० होती. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात जेएनडीआयचा (जावाच्या बाहेरून गोष्टी शोधून आणायच्या सोयीचा) ठरावीक सांकेतिक शब्दप्रयोग आला की लायब्ररी तो वाचून हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. फायरवॉलवाल्यांनी तो शब्द अडवला. मग हल्लेखोरांनी त्याची अक्षरं सुटी केली आणि लॉग४जेच्याच सोयी वापरून ती आत गेल्यावर जुळतील अशी व्यवस्था केली. शिवाय तो मजकूर लॉगमधून पुढे आतल्या, इंटरनेटवरून थेट न दिसणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचायचा आणि तिथे स्फोट व्हायचा. फायरवॉलचा नियम जरूर लावा, पण त्याने मिळतात फार तर काही तास. लॉग४जेचा तर पहिला पॅचही पुरा पडला नाही, २.१५.० नंतर काही दिवसांतच २.१६.० आणि २.१७.० काढाव्या लागल्या. ‘एकदा टाकलं’ म्हणून डोळे मिटलेले तिथेही अडकले.

‘बोंब झाली की टाकू’ हे मला सर्वांत जास्त खटकतं. पॅच जाहीर होतो तेव्हाच भोक कुठे आहे हेही जाहीर होतं. ओपन सोर्समध्ये जुना-नवा कोड शेजारी ठेवला की बदललेल्या ओळीच सगळं सांगतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या एका एसक्यूएल इंजेक्शनमधून (डेटाबेसला परस्पर आज्ञा देऊ देणाऱ्या त्रुटीतून) पुढे कोडही चालवता येत होता. तेव्हा ड्रुपलच्या सुरक्षा टीमने स्पष्ट बजावलं: घोषणेनंतर ७ तासांत पॅच टाकला नसेल, तर साइट हल्लेखोराच्या ताब्यात गेली असं धरून चाला.

इक्विफॅक्स या लोकांची कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण याहून बोलकं आहे. अपाचे स्ट्रट्स या वेब अ‍ॅप्लिकेशनसाठीच्या जावा फ्रेमवर्कमधल्या त्रुटीचा पॅच मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात आला. ४८ तासांत पॅच टाका, असा ईमेलही कंपनीत फिरला. तरी एक पोर्टल तसंच राहिलं, कारण ते स्ट्रट्सवर चालतं हे स्कॅनमध्ये सापडलंच नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले, जुलैअखेरीस ते लक्षात आलं. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. आपण कुठे काय वापरतो याची यादीच नसेल, तर बोंब ऐकूनही हात कुठे घालायचा?

अपडेटने साइट मोडते, ही तक्रार खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. पण ती बहुधा मोडते ती अनेक आवृत्त्या मागे राहिल्यामुळे. दर काही आठवड्यांनी लहान अपडेट, आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) चाचणी, बॅकअप आणि मागे फिरायची ठरलेली वाट एवढं असलं, की आणीबाणीत एकच लहान उडी मारायची उरते.

राहिलं ‘विषय संपला’. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या ईमेल सर्व्हरच्या प्रॉक्सीलॉगॉन त्रुटीचे पॅच दिले. अनेकांनी ते टाकले, पण हल्लेखोरांनी आधीच पेरलेले वेब शेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरला आज्ञा देऊ देणाऱ्या फाइली, तसेच राहिले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरवरून ते काढले. पॅच दार लावतो. आत बसलेल्याला बाहेर काढत नाही. म्हणून पॅचनंतर वेब फोल्डरमधल्या नव्या फाइली, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), अनोळखी युजर आणि बाहेर जाणारी कनेक्शनं तपासा. सर्व्हरवरचे डेटाबेस पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवांशी जोडणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदला. शिरकावाची जरा जरी खूण सापडली, तर तो सर्व्हर साफ करत बसू नका. शिरकावाआधीच्या बॅकअपवरून नव्याने उभा करा.