खुलासा : ६६अ कलमाची भीती घालणारा तो मेसेज

‘सरकारविरुद्ध पोस्ट टाकली किंवा फॉरवर्ड केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली ३ वर्षे तुरुंगवास, ॲडमिनलाही सोडणार नाहीत,’ असा मेसेज पुन्हा फिरू लागला आहे. हे कलम आज लागूच नाही. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्णपणे घटनाबाह्य ठरवले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असले मोघम शब्द त्यात होते. त्यांत काय बसणार नाही, हाच प्रश्न होता. २०१२ मध्ये पालघरला मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती, त्यातल्या एकीने ती पोस्ट फक्त लाइक केली होती. तरीही निकालानंतर गुन्हे नोंदवले जातच राहिले, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले.

आता उलट टोकाचा मेसेजही पाहिला : ‘घटनेने दिलंय, काहीही बोला.’ तेही खोटे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) प्रमाणे देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी या कारणांसाठी भाषणस्वातंत्र्यावर कायद्याने ‘वाजवी’ निर्बंध घालता येतात. ‘वाजवी’ हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. सरकारवरची टीका या यादीत नाही. शेजाऱ्याची खोटी बदनामी मात्र आहे, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.