पहिले फूल खुडावे

कोल्हापुरात पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला की हंगामी फुलझाडांचे वेळापत्रक कोलमडते. बी स्वतः पेरून रोपे करावीत, असे जाणकार सांगतात. परंतु पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया मावतात आणि पेरणाऱ्याला शिंक आली तर त्या शेजारच्या अंगणात उगवण्याचा संभव असतो, म्हणून विचारी मनुष्य अंबाबाईच्या नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाच्या सुमारास तयार रोपे आणायला निघतो.

रोपवाटिकेत शहाणपण टिकत नाही. "साहेब, फूल बघून घेऊ नगा, बुडखा बघा, गच्च हाय का ते बघा," असे तिथला माळी पोटतिडकीने सांगत होता, आणि त्याच वेळी सौ. "अहो, रंग दिसल्याशिवाय कसं घ्यायचं?" हा बिनतोड प्रश्न विचारत होत्या. डॉग फ्लॉवरपाशी तर प्रत्येक गिऱ्हाईक फुलाचे गाल दाबून त्याचा जबडा उघडून पाहत होते. अखेर फुललेलीच रोपे निवडली गेली आणि शेणखताच्या पोत्यासह स्कूटरवर आमच्या पायांपाशी बसून घरी आली.

वाफ्यात वीतभर अंतर सोडून ती लावली, तेव्हा मातीच जास्त दिसू लागली. तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "आता शेंडे खुडा. फुलांसकट." ज्या फुलासाठी पैसे मोजले तेच तोडायचे, हे माझ्या पचनी पडेना. मग त्यांनी समजावले की शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक गावकीतल्या थोरल्या काकांप्रमाणे खालच्या कोंबांना वर येऊ देत नाही. शेंडा गेला की बगलेतून फुटवे फुटतात आणि झाड भरते. शास्त्र पटले, हात मात्र धजेना.

आईला यातले काहीच पटले नाही. पेटुनिया, फ्लॉक्स, साल्व्हिया अशी नावे तिने शांतपणे ऐकून घेतली, प्रत्येकाचा वास घेतला आणि विचारले, "वास नाही, देवाला चालत नाही, मग लावलंय कशाला?" ही मंडळी अमेरिका खंडातून आली आहेत, असे मी अभिमानाने सांगितले, परंतु तिचा लाडका झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण दसरा नुकताच झाला होता.

शेवटी खुडण्याचे काम तिनेच अंगावर घेतले. पेटुनियाचे शेंडे तिने निर्विकारपणे उडवले. झेंडू आणि शेवंतीच्या बाबतीत मात्र तिची शास्त्रनिष्ठा इतकी वाढली, की शेंडे खुडण्याचे दिवस संपून फुटवे फुटले तरी ती थांबेना. सुकलेली फुले काढल्याने नवी येतात, हा नियम तिने ताज्या फुलांनाही लावला. परिणामी जानेवारीत रंगांची हौस पुरवायला पाहुण्यांना मी वाफ्याऐवजी थेट देव्हाऱ्यापाशी नेतो, आणि तिथे चपला काढाव्या लागतात.